लागोपाठ दोनदा

भिलाईत रूळ होतात. १३० मीटरांचा एक, आणि असे दोन सांधून २६० मीटरांचा एकच अखंड. तो न्यायला मालगाडीचे कितीतरी डबे एकामागे एक लावावे लागतात, आणि वाटेत वळण आलं की एवढं पोलाद निमूटपणे वेलीसारखं वळतं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली; आताच्या आठव्या भट्टीचं नाव महामाया आणि तिच्या पोटात ४०६० घनमीटर जागा आहे. अशा गावात उभा जन्म काढलेल्या माणसाला आपणही थोडेफार पोलादाचेच आहोत असं वाटू लागतं. रात्री आभाळाची एक कड तांबूस झाली की तो पाहुण्यांना गच्चीवर नेऊन ती दाखवतो, जणू ती त्याने खास त्यांच्यासाठी लावून घेतली आहे. आणि अशा या गावात, सिव्हिक सेंटरच्या पार्किंगमध्ये, मे महिन्याच्या भर दुपारी मला अडवलं कोणी, तर २० मिलिमीटर व्यासाच्या आणि ३.२ मिलिमीटर जाडीच्या एका चकतीने. गाडीच्या किल्लीतला सेल. सीआर २०३२ हे त्याचं नाव, आणि नावातच त्याचं माप आहे. आपल्याकडे नावात गावाचा पत्ता असतो, तसा त्याच्या नावात अंगाचा.

किल्ली चालेनाशी झाली की माणूस काय काय करतो हे पाहण्यासारखं असतं. आधी तो बटण पुन्हा दाबतो. मग जोरात दाबतो. जोरात दाबल्याने लहरी जोरात जात नाहीत हे त्याला ठाऊक असतं. अंगठ्याला मात्र ते कोणी सांगितलेलं नसतं. मग तो हात लांबवून किल्ली गाडीवर रोखतो. या किल्लीतून निघणाऱ्या लहरी ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या, त्या चहूकडे पसरतात, त्यांना नेम लागत नाही. तरी आपण नेम धरतोच, वर एक डोळाही किंचित मिटतो. त्यानंतर एकेक पाऊल पुढे. शेवटी तो गाडीच्या काचेला किल्ली टेकवून उभा राहतो, आणि दुरून दार उघडावं म्हणून निघालेलं ते यंत्र दाराला चिकटलेलं पाहून एखाद्याला वैराग्यच यावं. किल्लीवरचा तांबडा दिवा या सगळ्या वेळात बिनदिक्कत लुकलुकत असतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दिवा लागण्याइतका जीव सेलमध्ये शेवटपर्यंत उरतो. गाडीपर्यंत हाक पोहोचवण्याइतका उरत नाही.

एक उपाय मात्र खरा आहे, आणि तो जितका खरा तितकाच हास्यास्पद आहे. किल्ली हनुवटीखाली टेकवून बटण दाबलं तर तिचा पल्ला वाढतो. माणसाच्या डोक्यात बाकी काही असो-नसो, पाणी भरपूर असतं, आणि ते पाणी त्या लहरींना हातभार लावतं. पाण्याने भरलेली मोठी बाटली जवळ धरली तरी काही अंशी तेच काम होतं, म्हणजे निसर्गाने या बाबतीत आपल्यात आणि बाटलीत फारसा भेद केलेला नाही. मी हनुवटीला किल्ली लावली, मान जराशी वर केली आणि गाडीकडे पाहत राहिलो. पार्किंगचा पहारेकरी सावलीतून हे बघत होता.

‘दाँत में दर्द है क्या, अंकल?’

‘नहीं, गाडी खोल रहा हूँ.’

यावर तो काही बोलला नाही. फक्त खुर्ची थोडी मागे सरकवून बसला.

गाडीने ऐकलं नाही. मग उरला तो लोखंडी उपाय. या प्लास्टिकच्या डबीत एक पातं घडी घालून ठेवलेलं असतं. बाजूची कळ दाबली की ते टपकन बाहेर येतं. ते पातं गाडी चालू करायला रोज वापरत होतो, पण दाराच्या मुठीखाली त्याच पात्यासाठी एक भोक आहे, याचा मला जवळजवळ विसरच पडला होता. इतकी वर्षं ते तिथेच होतं; न बोलावलेलं, कोपऱ्यात बसलेलं, धुळीने भरलेलं. पातं आत जायला कुरकुरलं, फिरायला कुरकुरलं, आणि दार उघडलं त्या क्षणी गाडी बोंबलू लागली. काही गाड्यांची शिकवणच अशी असते: बटणाने उघडेल तो मालक, खऱ्या किल्लीने उघडेल तो चोर. भर सिव्हिक सेंटरमध्ये स्वतःच्याच गाडीने आपल्याला चोर म्हणावं आणि आपण तिच्याच आसनावर बसून आसपासच्या लोकांकडे पाहून कसनुसं हसावं, हा अनुभव अध्यात्माच्या फार जवळ जातो. पहारेकरी आता उभा राहिला होता. पण किल्ली खाली खोबणीत घालून फिरवली आणि गाडी एकदम गप्प झाली. इंजिन चालू. सेल मेलेला, बटण मुकं, आणि तरी गाडीने मला ओळखलं.

हे कसं घडतं ते समजल्यावर मला त्या डबीचा राग उरला नाही. पात्याच्या बुडाशी एक इवलीशी चिप असते आणि तिला सेलची गरजच नसते. किल्ली खोबणीत गेली की खोबणीभोवती गुंडाळलेली तारेची वेटोळी हलक्या लहरी सोडतात, त्या लहरींतूनच ती चिप चिमूटभर वीज उचलते, जागी होते, आपली खूण सांगते आणि पुन्हा झोपते. समोरच्याच्याच श्वासावर बोलून घ्यायची ही युक्ती जुनी आहे, आणि गंमत म्हणजे तिची एक पूर्वज रशियन आहे. १९४५ च्या ऑगस्टात मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांनी लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूताच्या निवासातल्या भिंतीवर टांगली गेली, आणि तिच्या आत तेरमेन नावाच्या कल्पक माणसाने बनवलेलं एक ऐकणारं यंत्र होतं. त्याला ना सेल ना तार. बाहेरून लहरी सोडल्या की ते जागं व्हायचं, खोलीतलं बोलणं त्या लहरींवर बसवून परत पाठवायचं. लहरी थांबल्या की नुसतं लाकूड. १९५२ पर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. हाच तेरमेन हात न लावता वाजणाऱ्या वाद्याचाही जनक. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, त्या मैत्रीच्या नावाने आमच्याकडे मैत्रीबाग आहे, तिथे पांढरे वाघ आहेत. पण त्या मैत्रीतला एक धागा असा माझ्या खिशातल्या किल्लीत येऊन बसला असेल हे मला ठाऊक नव्हतं. सिग्नलला उभा असताना मी त्या किल्लीकडे थोड्या आदराने आणि थोड्या संशयाने पाहिलं. गाडीत बोलताना आवाजही जरा खाली आणला, एकटाच होतो तरी.

मराठी माणूस छत्तीसगडात आला तो काही किल्ली मागून आला नव्हता. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत फौज घेऊन रतनपूरला आले, तेव्हा दार उघडण्याच्या रीती वेगळ्या होत्या. माझे वडील वर्ध्याकडून आले ते मात्र कारखान्याच्या नोकरीवर, आणि सही करून क्वार्टरच्या किल्ल्या घेतल्या तेव्हाच आत शिरले. किल्ल्या दोन. एक त्यांच्या जानव्याला असायची, कारण पँटच्या खिशाला भोक पडतं आणि जानव्याला पडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. दुसरी शेजारच्या तेलुगू मावशींकडे. मावशींची आमच्याकडे, आणि वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकूंची मावशींकडे. कोणाची किल्ली कोणाकडे आहे याचा हिशेब सगळ्या ब्लॉकला तोंडपाठ होता, तरी शाळेतून आल्यावर मी आधी स्वतःच्या दाराशी जात नसे; मावशींच्या दाराशी जाई. तिथे किल्लीआधी ताक मिळायचं. कढीपत्ता घातलेलं, मीठ जरा जास्त. किल्ली हवी असली की ताक प्यावं लागतं, असाच माझा बरीच वर्षं समज होता. कधी रात्रपाळीहून आलेल्या वडिलांना झोपेतून उठवायला नको म्हणून आई मागच्या दाराने भांड्यांचा आवाज न करता ये-जा करायची. समोरच्या दाराला बाहेरून कुलूप, आत माणूस झोपलेला. उन्हाळ्यात सगळा ब्लॉक अंगणात खाटा टाकून झोपायचा आणि किल्ल्या उशाखाली असायच्या. घरं उघडीच.

त्या किल्ल्या कधी बिघडल्या नाहीत. झिजल्या. झिजलेल्या किल्लीला घरातल्या प्रत्येकाने आपापली तऱ्हा शोधून काढलेली असे: वडील तिला किंचित वर उचलत, आई दार स्वतःकडे ओढून घेई, मी खांद्याने ढकलत असे. बाहेरून येणारा कोण आहे ते आतल्या माणसाला कुलपाच्या आवाजावरून कळायचं. आता गाडीचं बटण कोणीही दाबो, ती त्याच आवाजात दोनदा टिकटिक करते. हातातला फरक तिला कळत नाही.

भिलाईच्या पॉवर हाउस भागात एका अरुंद गल्लीत घड्याळवाल्याचं दुकान आहे. गाडीच्या किल्लीचा सेल घड्याळवाल्याकडे मिळतो ही आपल्या बाजारातली मोठी सोय, कारण सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथला नम्र मुलगा आधी ‘पूर्ण सेट बदलावा लागेल’ असंच म्हणतो. म्हातारा दुकानदार डोळ्याला भिंग लावून कोणाच्या तरी लग्नातलं घड्याळ बघत होता, आणि त्याचा नातू गल्ल्यावर होता.

‘का होगे, कका?’

मी डबी पुढे केली. त्याने फटीत नाणं घालून ती अलगद उघडली. एवढं सगळं नाटक जिच्यामुळे झालं ती वस्तू मी पहिल्यांदाच आतून पाहिली: एक हिरवी पट्टी, मधोमध ती चकती, आणि अंगठ्याने रोज दाबून दाबून खोलगट झालेलं काळं रबर. मुलाने सेल काढून मीटरला लावला. काटा तीन व्होल्टच्या अगदी जवळ. मी खूश झालो. मुलगा झाला नाही. थकलेला सेल नुसता मोजला तर ठणठणीत दिसतो, म्हणाला. कामाला लावला की बसतो. असे बरेच सेल मी इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत पाहिले आहेत, तेव्हा मला ते लगेच पटलं.

त्याने नवा सेल घातला. काही नाही. दिवासुद्धा नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने सेलकडे पाहिलं, आणि म्हातारा भिंगातून न बघताच म्हणाला, ‘कडुवा वाला होही.’ हा प्रकार मला नवीन होता. लहान मुलं हे चकचकीत सेल तोंडात घालतात; गिळले तर अन्ननलिका भाजते, जिवावर बेततं. म्हणून हल्ली काही सेलांवर एक भयंकर कडू लेप दिलेला असतो, की जिभेला लागताच मुलाने थुंकून टाकावा. आणि काही उपकरणांत हा लेप नेमका वीज जाण्याच्या जागी आला की सेल आणि पट्टी यांची गाठच पडत नाही. किती चांगल्या हेतूचा अडथळा! एवढ्या मायेने कोणी जवळ येऊ देत नसेल, तर त्याच्यावर रागवायचं तरी कसं? मला आमच्या आजीची आठवण झाली. बाळाचं दूध तोडायचं तेव्हा ती लेकीसुनांना कडुनिंबाचा पाला वाटून द्यायची.

मुलाने खालच्या खणातून खोडरबर काढलं. शाळेचंच, एका कोपऱ्यावर पेनाने कोणाचं तरी नाव, अर्धं पुसलेलं. त्या रबराने सेलची कड घासली, पट्टीवरच्या दोन पितळी जिभा घासल्या, फुंकर मारली. सेल पुन्हा बसवला, खुणेची बाजू नीट पाहून. दिवा लागला, आणि तोही पूर्वीपेक्षा टपोरा. मी दुकानाच्या पायरीवर येऊन समोर उभ्या गाडीच्या दिशेने बटण दाबलं.

गाडी गप्प.

आता इथे गोष्ट खरी सुरू होते, कारण किल्लीत यावेळी काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघडलेलं होतं ते दोघींमधलं. जुन्या काळी किल्ली एकच ठरलेला संकेत पाठवायची, आणि चोर तो हवेत पकडून पुन्हा वाजवायचे. त्यावर तोड म्हणून असं ठरलं की दर वेळी संकेत बदलायचा. किल्ली आपल्याशी मोजत राहते, गाडी आपल्याशी मोजत राहते, आणि दोघींची मोजणी जुळली तरच दार. यातली एक नामांकित पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघाली. कीलॉक तिचं नाव. १९९५ मध्ये एका अमेरिकन चिप कंपनीने ती सुमारे एक कोटी डॉलरला विकत घेतली. पण या मोजणीत एक अडचण आहेच. किल्ली गाडीपासून दूर असताना बटण दाबलं गेलं, तर किल्लीचा आकडा पुढे जातो आणि गाडीला पत्ताही नसतो. खिशात दाबलं गेलं, पोराने खेळायला घेतलं. किल्ली पुढे, गाडी मागे. गणेशोत्सवातल्या व्याख्यानात वक्ता रंगात आला की माझा अंगठा खिशातल्या बटणाशी चाळा करू लागतो, आणि आमच्याकडचे वक्ते फार रंगात येतात. शिवाय त्या दुपारी पार्किंगमध्ये मी जितक्या वेळा हाक मारली, तितकी हाक तिला ऐकू तर गेलीच नाही, वर आमच्यातलं अंतर तेवढ्या पावलांनी वाढत गेलं.

हे अंतर पडणारच, हे या पद्धतीच्या कर्त्यांनी धरून चाललेलं आहे. मला त्या गणितात सगळ्यांत आवडलेली जागा हीच. गाडी काटेकोर हिशेब मागत नाही. कीलॉकच्या मूळ योजनेत पुढचे १६ आकडे तरी ती एका हाकेतच मान्य करते. मधले कुठे गेले असं विचारत नाही, आपली मोजणी हळूच पुढे सरकवून घेते. इतर पद्धतींत हा आकडा वेगळा असतो, पण समजूतदारपणा तोच. आणि अंतर त्याहून वाढलं, अगदी हजारोंनी वाढलं, तरी दार कायमचं बंद होत नाही. तेव्हा ती फक्त एक अट घालते: लागोपाठ दोन हाका. पहिली हाक ती ऐकते आणि गप्प राहते. दुसरी तिच्या पाठोपाठचीच आली, म्हणजे हे खरंच आपलं माणूस आहे, एवढंच तिला हवं असतं. मागे गेलेला एकच आकडा तिला चालत नाही, तो चोराचा.

घड्याळवाल्याच्या नातवाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, ‘फेर एक घंव दबा, कका.’

मी दुसऱ्यांदा दाबलं. गाडीने दोनदा टिकटिक केलं, आणि आरशाशेजारचे पिवळे दिवे भर उन्हात लुकलुकले.

आमचा मुलगा पुण्याला असतो आणि अशाच कसल्या तरी यंत्रांना बोलायला शिकवतो. त्याला हे सांगितलंच पाहिजे असं वाटून मी तिथूनच फोन लावला. उचलला नाही. दुपारी तो उचलत नाही. त्याच्या मीटिंगा आमच्या जेवणाच्या वेळी चालू होतात आणि झोपेच्या वेळी संपतात. म्हणून त्याच्या आईने त्याच्याशी एक करार केलेला आहे: एकदा वाजला तर सवडीने, लागोपाठ दोनदा वाजला तर असशील तिथून. दोनदा वाजवायची वेळ आमच्यावर आजवर आली नव्हती. तिचा गुडघा, माझं पथ्य, गॅसचा सिलिंडर, हे सगळं आम्ही एकेका हाकेत भागवत आलो, आणि बरेचदा त्याही मारल्या नाहीत. पण त्या दुपारी अंगठ्याला नुकताच धडा मिळालेला होता. मी पुन्हा लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्याचा आवाज आला.

‘बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?’

‘आई मजेत आहे. गाडीची किल्ली चालू झाली.’

पलीकडे शांतता. मागे कोणीतरी इंग्रजीत काही विचारलं, त्याने काही सांगितलं. तो चिडला असता तर ते रास्तच होतं. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला, आणि मग त्याने विचारलं, ‘पहिल्यांदा दाबलं तेव्हा लाइट लागला होता?’

लागला होता, म्हटलं. मग आम्ही त्या दिव्याबद्दल बराच वेळ बोललो. सेल कोणता टाकला, खोडरबर कसलं होतं, तेरमेनबद्दल त्याने कॉलेजात ऐकलं होतं की नाही. कधी नव्हे ते त्यानेही घाई केली नाही.

घरी पोहोचलो तर ही दारातच उभी.

‘अहो, त्या किल्लीला नक्की झालं काय होतं?’

‘तुला कोणी सांगितलं?’

‘त्याचा फोन येऊन गेला,’ ती म्हणाली. ‘मी स्वयंपाकघरात होते, पहिला ऐकूच आला नाही. लगेच दुसरा आला.’